ईएमटीचं कोणतं प्रमाणपत्र खरं चालतं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

तापीकाठ_शिरपूर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ यंदा बारावी विज्ञान झाला, जीवशास्त्र घेऊन. त्याला रुग्णवाहिकेवर ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणून काम करायचं आहे आणि घरच्यांचीही ना नाही. आमच्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली, एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा 'डिप्लोमा इन ईएमटी'. फलकावर मोठ्या अक्षरात 'शासनमान्य' लिहिलंय, फी एकरकमी मागतात. दुसरी, कौशल्य विकासाखालचा ईएमटी-बेसिक. तिसरी, बाहेरगावी राहून पदवी.

प्रश्न असे:
नोंदणी कशाने होते आणि कुठं होते? यातलं काहीही केलं तर १०८ वर घेतात का? प्रात्यक्षिक परीक्षेत नेमकं काय बघतात? आणि संस्थावाले म्हणतात की त्यांच्या कोर्सवर अमेरिकेचं 'नॅशनल रजिस्ट्री'चं प्रमाणपत्रही काढता येतं. हे खरं का?

माहीतगारांनी सविस्तर सांगावं. फी भरायला अजून वेळ आहे.

---

पॅरामेडिक_धुळे

भाऊ, पैसे भरायच्या आधी विचारताय हे फार बरं केलं. बहुतेक पोरं दुसऱ्या हप्त्यानंतर विचारतात.

आधी कायदा. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा २०२१ मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत आघात, भाजणे, शस्त्रक्रिया आणि भूल या गटात 'इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट' म्हणजेच पॅरामेडिक हा व्यवसाय नावानिशी दिलेला आहे. कायद्यानं दोन पायऱ्या केल्यात. 'सहयोगी आरोग्य व्यावसायिक' ठरायला पदविका किंवा पदवी लागते, तिचं शिक्षण किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत पसरलेलं असावं लागतं. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' ठरायला पदवीच लागते, किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षं. राज्य परिषदेची नोंदवही याच व्याख्यांवर उभी आहे.

आता तुमच्या सहा महिन्यांचा हिशेब करा. रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस, २६ आठवडे धरले तरी १,२४८ तास होतात. एकही सुट्टी न घेता. म्हणजे त्या कागदावर 'डिप्लोमा' छापलं तरी कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. संस्थेचा माणूस 'नोंदणी करून देतो' म्हणाला तर कोणत्या परिषदेत, कोणत्या व्यवसायाच्या नावानं, हे लेखी मागा. लेखी मिळणार नाही.

याचा अर्थ छोटा कोर्स वाया जातो असा नाही. कौशल्याची शिडी वेगळी आहे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा ईएमटी-बेसिक, त्याचा संकेतांक एचएसएस/क्यू२३०१, राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत स्तर ४. तो खासगी दवाखाने आणि रुग्णवाहिका चालवणारे नोकरीसाठी बघतात. नोकरीची पात्रता आणि व्यावसायिक नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

'शासनमान्य' या शब्दानं फसू नका. पुष्कळदा त्यामागं सोसायटी किंवा ट्रस्टची नोंदणी असते, दुकान परवाना असतो, उद्यम नोंदणी असते, नाहीतर आयएसओचा कागद. यातला एकही कागद अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही, फक्त धंद्याला देतो. म्हणून संस्थेच्या कार्यालयात बसून पुढच्या गोष्टी मागा. मागच्या तुकडीतल्या प्रमाणपत्राची नमुना प्रत, त्यावर प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचं नाव (शिकवणाऱ्या संस्थेचं नव्हे), पात्रतेचा संकेतांक, स्तर आणि क्यूआर कोड. तो कोड तिथंच फोनवर स्कॅन करा. सरकारी पोर्टलवर उघडला तर ठीक. संस्थेच्याच संकेतस्थळावर गेला तर ते स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. मग रुग्णालयाशी झालेल्या कराराची प्रत बघा. त्यात कोणता विभाग, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे असायला हवं. अपघात विभाग, प्रसूती कक्ष, अतिदक्षता विभाग आणि प्रत्यक्ष रुग्णवाहिका, या चारही ठिकाणी पाळी नसेल तर तो कोर्स वर्गातच संपतो. शेवटचं म्हणजे परीक्षक बाहेरचा येतो का. शिकवणाराच परीक्षा घेत असेल तर ती परीक्षा धरू नका.

पदवी घ्यायची झाली तर विद्यापीठ कोणतं ते आधी बघा. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे राज्याचं आरोग्याचं विद्यापीठ. खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही असे अभ्यासक्रम आहेत. दूरशिक्षणाची पदवी मात्र स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. या कायद्याखाली येणाऱ्या विषयांना यूजीसीनं २०२५ मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण बंद केलंय.

माझं मत विचाराल तर भाऊ सतरा-अठराचा असेल आणि घरची ऐपत असेल तर पदवीच. लगेच कमवायची गरज असेल तर क्यू२३०१. फलकावरचा सहा महिन्यांचा डिप्लोमा कोणत्याच हिशेबात बसत नाही.

---

नवापूर_चेकनाका

१०८ बद्दल लिहितो, कारण इथंच सगळ्यांचा गैरसमज असतो.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ अॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिकच्या. आपल्याकडची ठेवण अशी की गाडीवर डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि सोबत चालक, ज्याला 'पायलट' म्हणतात. म्हणून ईएमटीचा कागद घेऊन थेट १०८ वर लागू असं गृहीत धरू नका. मनुष्यबळ निविदेच्या अटींवर ठरतं आणि अटी बदलतात. भरतीची जाहिरात निघाली की पदाचं नाव आणि पात्रता शब्द न शब्द वाचायची.

आता नवापूरहून नाका ओलांडला की चित्र बदलतं. गुजरातेत १०८ ची सेवा २००७ पासून आहे, त्याच वर्षी तिथं आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र कायदाही झाला. तिथल्या गाडीवर ईएमटी आणि पायलट अशी जोडी असते. डॉक्टर नियंत्रण कक्षात फोनवर असतो, ईएमटी त्याला विचारून पुढचं करतो. शिरपूरवरून वर सेंधव्याला गेलात तर मध्य प्रदेशातही गाडीवर ईएमटीच. म्हणजे खान्देशातल्या पोराला दोन्ही बाजूंना काम आहे, फक्त तिथल्या भरतीच्या अटी आणि भाषा बघून घ्यायची. गुजराती लिहिता-वाचता येणं हा नंदुरबारच्या पोरांचा मोठा फायदा आहे.

आपल्या तीन जिल्ह्यांत ईएमटीला काम कुठं असतं? खासगी रुग्णालयांच्या कार्डियाक गाड्या, ज्या नाशिक, मुंबई, सुरतला रुग्ण हलवतात. महामार्ग प्राधिकरणाच्या टोल नाक्यावरच्या रुग्णवाहिका, १०३३ वर फोन केला की निघतात त्या. आपल्याकडून सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा असे दोन्ही महामार्ग जातात, दोन्हींवर अपघात कमी नाहीत. शिवाय मोठे कारखाने, आणि रुग्णालयांचा अपघात विभाग.

नेमणूकपत्रात पद काय लिहिलंय ते मात्र बघा. 'हेल्पर' किंवा 'अटेंडंट' लिहून ईएमटीचं काम करून घेतात. पुढं अनुभवाचा दाखला मागितला की तोच शब्द आडवा येतो.

---

कौशल्य_परीक्षा_जळगाव

प्रात्यक्षिकाबद्दल मी लिहितो. लांब होईल, पण इथंच पोरं नापास होतात.

पहिला नियम: जे हातानं केलं नाही आणि तोंडानं बोलला नाही, ते केलंच नाही असं परीक्षक धरतो. हातमोजे घातले, जागा सुरक्षित आहे का बघितलं, रुग्ण किती, आणखी मदत लागेल का, हे चार मुद्दे सरावाच्या पुतळ्याजवळ जायच्या आधी मोठ्यानं बोलायचे. बाकी सगळं उत्तम आणि हे राहिलं तरी नापास, असं मूल्यमापन बऱ्याच ठिकाणी चालतं. कारण साधं आहे. महामार्गावर वाहतूक अडवल्याशिवाय उतरलेला ईएमटी स्वतःच पुढचा जखमी होतो.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं आणि श्वास देणं. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब, २ श्वास. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा, थकवा जाणवत नसला तरी बदलायचा, कारण खोली कमी झालेली दाबणाऱ्याला कळत नाही. मुलाला सुमारे ५ सेंटिमीटर, तान्ह्याला ४. मुलांत दोघं मदतीला असतील तर १५ ला २. पोरं सगळ्यात जास्त चुकतात ती वेगात: घाईनं १४० वर जातात, मग छाती वर येत नाही, हृदयात रक्त भरत नाही.

जुन्या झेरॉक्स नोट्स फेकून द्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी तान्ह्या बाळाची दोन बोटांची पद्धत काढून टाकली. आता एका हाताचा तळवा, नाहीतर दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठे. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला आता पाच पाठीवरचे फटके आणि मग पाच पोटावरचे दाब, आलटून पालटून. परीक्षक नवं विचारतो आणि पोरगा जुनं सांगतो, असं नको.

बॅग-मास्क, म्हणजे बॅग पिळून मास्कमधून श्वास देणं. अंगठा आणि तर्जनीचा 'सी' मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली 'ई' सारखी. मास्क तोंडावर दाबायचा नसतो, जबडा मास्ककडे उचलायचा असतो. एक श्वास एक सेकंदात, ५०० ते ६०० मिलिलिटर, म्हणजे छाती जेमतेम उचललेली दिसेल इतका. पूर्ण बॅग पिळली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. श्वासनलिकेत नळी असेल तर दर सहा सेकंदांना एक श्वास, दाब न थांबवता.

एअरवे, म्हणजे श्वासाची वाट मोकळी ठेवणारी नळी. तोंडातला एअरवे तोंडाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत मोजायचा, नाकातला नाकपुडीपासून पाळीपर्यंत. ओकारीची उबळ येत असेल तर तोंडातला घालायचाच नाही. सक्शन (तोंडातली लाळ-रक्त ओढून काढणारी नळी) आत जाताना बंद, बाहेर येताना चालू, मोठ्या माणसात १५ सेकंदांच्या आत. यंत्र तपासायची पद्धत: नळी चिमटीत बंद करा, चार सेकंदांत ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेलं पाहिजे. गाडीवर सक्शन बंद सापडण्याचं कारण बहुतेक वेळा बॅटरी, नाहीतर बाटलीचं झाकण नीट न बसणं.

रक्तस्राव. आधी थेट दाब. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबानं थांबत नसेल तर टूर्निकेट (आवळून रक्त थांबवणारा पट्टा), जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि वेळ लिहायची. दुखतं म्हणून सैल करायचं नाही. सैल टूर्निकेट शीर दाबतं आणि धमनी चालू ठेवतं, त्यानं रक्तस्राव वाढतो.

फ्रॅक्चरला खपच्ची बांधण्याआधी आणि बांधल्यावर, दोन्ही वेळा तीन गोष्टी: खालची नाडी, बोटांची हालचाल, स्पर्श कळतो का. बांधल्यावरचं तपासणं विसरतात आणि तिथं गुण जातात.

साखर. ग्लुकोमीटरनं ७० च्या खाली आली तर कमी. रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडानं साखर. टोचण्याआधी बोट धुवून कोरडं करा. केळी किंवा गूळ लागलेलं बोट असेल तर आकडा खोटा मोठा येतो आणि साखर खाली गेलेली कळतच नाही.

आणि लेखी नोंद. सुपूर्द करताना चार गोष्टी या क्रमानं: काय घडलं, काय इजा दिसते, नाडी-श्वास-रक्तदाब-ऑक्सिजन-शुद्ध किती, काय उपचार दिले. अर्ध्या मिनिटात. बेशुद्धीची पातळी 'गंभीर' अशी लिहू नका, शुद्ध मोजायच्या ग्लासगो मोजपट्टीचा आकडा लिहा, १५ पैकी किती आणि डोळे-बोलणं-हालचाल वेगळे. पुढच्या डॉक्टरला रुग्ण सुधारतोय की खालावतोय हे त्या तीन आकड्यांवरूनच कळतं.

---

तापीकाठ_शिरपूर

एवढं कोणी फी घेऊनही सांगत नाही, मनापासून आभार. दोन शंका. धडगाव-अक्कलकुव्याकडे काम लागलं तर वेगळं काय शिकून जावं? आणि ते अमेरिकेच्या प्रमाणपत्राचं राहिलंच.

---

सातपुडा_घाट

धडगावकडे जायचं असेल तर ऑक्सिजनचं गणित पाठ करून जायचं. शहरातल्या पोराला ते लागत नाही, कारण त्याचं रुग्णालय पंधरा मिनिटांवर असतं. घाट उतरून नंदुरबार गाठायला दोन-अडीच तास धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

गणित असं. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले गेजवरचा दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, बरोबर लिटरमध्ये ऑक्सिजन. बी-टाइप सिलिंडर १० लिटरचा, भरलेला असला की गेज १५० दाखवतो, म्हणजे १,५०० लिटर. गेजवरचे शेवटचे २० कधीच वापरायचे नाहीत, ती राखीव. उरले १,३०० लिटर. नॉन-रिब्रीदर (पिशवीच्या) मास्कला मिनिटाला १५ लिटर लावलात तर ८६ मिनिटं. १० लिटरवर १३० मिनिटं. अडीच तासांच्या वाटेला, म्हणजे १५० मिनिटांना, एक भरलेला बी-टाइपसुद्धा १० लिटरवर पुरत नाही. दोन घ्या, नाहीतर डी-टाइप, जो सुमारे ४६.७ लिटरचा असतो आणि भरल्यावर ७,००० लिटर देतो. गेजवर आकडे पीएसआयमध्ये असतील तर १,००० म्हणजे जवळपास ७०. इथं गोंधळ करून सिलिंडर भरलेला आहे असं समजून गाडी निघते.

म्हणूनच प्रवाह उगाच जास्त ठेवायचा नाही. बहुतेकांना रक्तातला ऑक्सिजन ९४ ते ९८ टक्के पुरतो. जुना, धुरानं फुप्फुसं गेलेला (सीओपीडीचा) रुग्ण असेल तर ८८ ते ९२. नाकातल्या नळीवर १ ते ६ लिटर, मास्कवर १० ते १५. नॉन-रिब्रीदरची पिशवी श्वास घेताना पूर्ण चपटी होता कामा नये. आणि ऑक्सिमीटरवर डोळे मिटून विश्वास नको: थंड बोट, नेलपॉलिश आणि खच्चून हलणारी गाडी, तिन्हींनी आकडा खोटा येतो. नाडीचा आकडा हातानं मोजलेल्या नाडीशी जुळतो का ते बघा.

सिलिंडर हाताळताना: वैद्यकीय ऑक्सिजनचं अंग काळं, खांदा पांढरा. रेग्युलेटर पिन-इंडेक्सचा की बुलनोजचा (जोडणीचे दोन प्रकार) हे निघण्याआधी लावून बघा. मधला वॉशर गहाळ असला की फुसफुस गळत राहतो. रेग्युलेटर बसवण्याआधी किल्ली क्षणभर उघडून धूळ उडवा. तेल, ग्रीस, ओला सॅनिटायझर लागलेले हात लावायचे नाहीत, आग लागते. सिलिंडर आडवा मोकळा ठेवायचा नाही, घाटात वळणावर तो तोफेसारखा सुटतो.

दुसरं, रस्ता जिथं संपतो तिथून रुग्ण झोळीत किंवा बांबूला बांधून खांद्यावर येतो. नर्मदेच्या फुगवट्याकडच्या गावांतून बोटीनं येतो. म्हणजे तुमच्याकडे पोचेपर्यंत वेळ गेलेला असतो. सुपूर्दगीच्या कागदावर 'गाडीत घेतल्याची वेळ' आणि 'प्रत्यक्ष घटनेची वेळ' दोन्ही लिहा.

भाषा. भिली आणि पावरीतले वीसेक शब्द वहीत लिहून ठेवा: दुखतं, कधीपासून, उलटी, रक्त, पोटुशी, साप. धुळे-शिरपूर पट्ट्यात 'काय व्हयनं?' 'कोठे दुखस?' असं विचारलं की म्हातारी माणसं मोकळी बोलतात. हे कौशल्य परीक्षेत नसतं, पण चुकीचा इतिहास घेऊन चुकीचा रुग्ण उचलण्यापेक्षा ते शिकलेलं बरं.

---

चोपडा_केळीपट्टा

वरच्या दोघांत भर. टूर्निकेटचं लिहिलंय ते फक्त रक्तस्रावासाठी. सर्पदंशाला टूर्निकेट नाही, दोरी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. पोरं दोन्ही धडे एकाच दिवशी शिकतात आणि मिसळतात.

दंश झालेला हात-पाय हलू न देता खपच्चीत बांधायचा, रुग्णाला चालू द्यायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, तोडे लगेच काढायचे. नंतर सूज चढली की निघत नाहीत. सुजेची कड पेनानं आखून तिथंच वेळ लिहायची, दर पंधरा मिनिटांनी नवी रेघ. गावातून येतानाच घट्ट दोरी बांधलेली असेल तर ती वाटेत एकदम कापू नका. खालची नाडी बघा, डॉक्टरला फोन लावा, आणि शक्यतो सर्पविषरोधक लस तयार असलेल्या ठिकाणी ती सोडवा. अडवलेलं विष एकदम वर जातं. पापण्या जड, दोन-दोन दिसणं, बोलणं बोबडं, गिळता न येणं, ही नाग-मण्यारची लक्षणं. बॅग-मास्क हाताशी ठेवायचा. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त असेल तर घोणस-फुरसं. मण्यार रात्री झोपेत चावतो, दंशाची खूण दिसत नाही, पोट दुखतंय म्हणून रुग्ण आणतात. लस देणं डॉक्टरचं काम, पण ती कुठल्या रुग्णालयात आत्ता शिल्लक आहे हे निघण्याआधी फोनवर विचारणं तुमचं.

कपाशी आणि केळीच्या पट्ट्यात फवारणीची विषबाधाही तेवढीच. लाळ, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वासात घरघर. आधी स्वतः नायट्रिल हातमोजे घाला, रबराचे पातळ मोजे पुरत नाहीत. रुग्णाचे सगळे कपडे उतरवा, अंग आणि केस साबण-पाण्यानं धुवा, कपडे पिशवीत बंद करा. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. सक्शन सतत लागतं. औषधाची बाटली किंवा पुडा सोबत न्या. उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. उष्माघातात अंग ४० अंशांच्या वर आणि माणूस भ्रमिष्ट, तर आधी गार करा, मग निघा. ओली चादर आणि वारा, काखेत-मानेला-जांघेत बर्फाच्या पिशव्या, शक्य असेल तर पाण्याच्या टाकीत. ३९ च्या खाली आलं की थांबा. पॅरासिटामॉलचा इथं काही उपयोग नाही.

---

रजिस्ट्री_वाचक

अमेरिकेचं मी सांगतो. तिथं दोन कागद असतात आणि आपल्याकडचे दलाल ते एकच करून विकतात.

नॅशनल रजिस्ट्री ही १९७० मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था. ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. पण काम करायचा परवाना प्रत्येक राज्य देतं, आणि रजिस्ट्रीचा कागद हातात आहे म्हणून कोणत्याही राज्यात गाडीवर चढता येत नाही. पायऱ्या चार: ईएमआर (इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर), ईएमटी, एईएमटी (अॅडव्हान्स्ड ईएमटी), पॅरामेडिक. परीक्षेला बसायला तिथल्या राज्यानं मान्य केलेला अभ्यासक्रम लागतो आणि तो गेल्या दोन वर्षांतच पूर्ण झालेला असावा लागतो. पॅरामेडिकला तर २०१३ पासून अभ्यासक्रमाला स्वतंत्र मान्यताही लागते. शिरपूर-जळगावातल्या सहा महिन्यांच्या वर्गावरून हे काहीच होत नाही. जे सांगतात त्यांना विचारा: कोणत्या राज्याची मान्यता, मान्यता क्रमांक काय?

तिथून शिकण्यासारखं मात्र एक आहे, नूतनीकरण. दर दोन वर्षांनी ईएमआरला १६ तास, ईएमटीला ४०, एईएमटीला ५०, पॅरामेडिकला ६० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ईएमटीच्या ४० पैकी २० तासांचे विषय देशभर सारखे, १० राज्य किंवा स्थानिक सेवा ठरवते, १० ज्याचे त्याने निवडायचे. ती स्थानिक दहाची कल्पना फार मोलाची वाटते मला. आपल्याकडे ती वापरायची तर त्यात सर्पदंश, फवारणीची विषबाधा, उष्माघात आणि लांबच्या वाटेचा ऑक्सिजन एवढंच भरलं तरी पुरे. भावानं पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: तारीख, विषय, तास, शिकवणाऱ्याची सही. मुलाखतीत ती वही कागदापेक्षा जास्त बोलते.

---

तापीकाठ_शिरपूर

शेवटचा प्रश्न. क्यू२३०१ च्या वर्गात 'बीएलएस कार्ड वेगळं काढावं लागेल, त्याचे पैसे वेगळे' म्हणतात. हे बरोबर का?

---

पॅरामेडिक_धुळे

बरोबर असू शकतं, तो कोर्स वेगळाच आहे. बीएलएस म्हणजे सीपीआर, बॅग-मास्क, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), घास अडकणं, एवढंच. ते ईएमटीचं प्रमाणपत्र नव्हे, पण नोकरी देणारे दोन्ही मागतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं आणि ते ई-कार्ड असतं. संकेतस्थळावर क्रमांक घालून पडताळता येतं. छापील पुठ्ठा देऊन भागवत असतील तर घेऊ नका. भारतीय पुनरुज्जीवन परिषद महासंघाचेही तीन अभ्यासक्रम आहेत. सीओएलएस सामान्य नागरिकांसाठी, फक्त छाती दाबण्याचा. बीसीएलएस रुग्णालयाबाहेरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. सीसीएलएस डॉक्टरांसाठी. भावाला बीसीएलएस उपयोगी, सीओएलएसचा कागद दाखवून कोणी ईएमटी म्हणून घेणार नाही.

वर्गात किती पुतळे आहेत ते विचारा. एका पुतळ्यामागे सहापेक्षा जास्त पोरं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात आणि दाबाची खोली हाताला बसत नाही. खोली आणि वेग दाखवणारा दिवा किंवा टकटक असलेला पुतळा असेल त्याच ठिकाणी पैसे भरा. कार्ड कोर्सच्या शेवटच्या महिन्यात काढा, सुरुवातीला नको. नाहीतर नोकरीच्या मुलाखतीपर्यंत कार्डाच्या दोन वर्षांतले सहा-आठ महिने निघून गेलेले असतात.